बेस कॅम्पच्या वाटेवर कॅमेरा बंद पडला? सर्व्हिस सेंटर गाठण्याआधी हे तपासा

एव्हरेस्ट बेस कॅम्पला इकडचे गट घेऊन जाताना माझ्याकडे एकच तक्रार फिरून फिरून येते: "दादा, कॅमेरा गेला." नामचेपर्यंत सगळं झकास चाललेलं असतं. दिंगबोचेला पहिली कुरकुर सुरू होते, लोबुचेला ती वाढते आणि गोरकशेपला पहाटे, नेमकी काला पत्थरची टेकडी चढताना, कॅमेरा हात वर करतो. माझ्या अनुभवात यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांना काहीही झालेलं नसतं. एक तर बॅटरी गारठलेली असते, नाही तर आदल्या संध्याकाळी कॅमेऱ्यावर धरलेलं दव रात्रीत गोठलेलं असतं. खराखुरा बिघाड क्वचितच, आणि त्यातलाही बराचसा 'जरा उघडून बघू' म्हणत हातानं ओढवून घेतलेला.

गोरकशेप ५,१६४ मीटरवर आहे, बेस कॅम्प ५,३६४ वर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश सहज असतो, वारा वेगळाच. आता कॅमेऱ्याबरोबर आलेली, आणि आपण कधीच न उघडलेली, ती पुस्तिका काढून पाहा. बहुतेक कॅमेऱ्यांसाठी वापराचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस असं छापलेलं असतं. आयफोनची मर्यादा तर ० ते ३५ अंश सांगितलेली आहे. म्हणजे आपण यंत्राकडून करारात नसलेलं काम करून घेतोय. ते करतं, पण त्याला थोडं सांभाळून घ्यावं लागतं.

लक्षणं

यातलं काय काय दिसतंय ते आधी नीट बघा, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

- बॅटरी ७०-८० टक्के दाखवत असते, दोन-चार फोटो निघतात आणि एकदम रिकाम्या बॅटरीची खूण लुकलुकते. कॅमेरा बंद. फोनही ३०-४० टक्क्यांवर असताना अचानक झोपतो.
- लॉजवर आल्यावर तीच बॅटरी घातली की पुन्हा ६० टक्के! लोकांना वाटतं भुताटकी आहे.
- मागचा पडदा काळवंडतो किंवा चित्र मागे रेंगाळत सरकतं.
- फोटो धुरकट येतात, पुसलं तरी लेन्सवरची वाफ जात नाही.
- पहाटे 'लेन्सशी संपर्क नाही' छापाचा संदेश येतो, शटर अर्ध्यात अडकतं किंवा फोकसची रिंग घट्ट फिरते.
- 'कार्ड वाचता येत नाही' असा संदेश.

पडद्याचं चित्र रेंगाळणं हा दोषच नाही. त्यातले द्रवस्फटिक थंडीत मंदावतात, ऊब मिळाली की पूर्ववत होतात. ते सोडून द्या. बर्फ करडा येणं हाही बिघाड नाही. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप (कॅमेऱ्यावरचा +०.७ ते +१) वर घ्या आणि पुढे चला. बाकीच्यांसाठी खालच्या क्रमानं जा. क्रम मुद्दाम असा ठेवलाय की आधीच्या तपासण्यांना एक पैसाही पडत नाही.

आधी कॅमेरावाल्याला तपासा

हसू नका. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, आणि त्याबरोबर प्रत्येक श्वासातला प्राणवायूही. डोकं जड, झोप अर्धवट, बोटं बधिर. अशा अवस्थेत शहाणीसुरती माणसं लेन्सचं झाकण न काढता "सगळं काळं येतंय" म्हणून माझ्याकडे येतात. कार्डाची छोटी कुलूपपट्टी खाली सरकलेली असते. मोड डायल हातमोज्यात अडकून फिरलेला असतो, टायमर चालू राहिलेला असतो, किंवा लेन्स ऑटोफोकसवरून मॅन्युअलवर गेलेली असते. फोनच्या बाबतीत कॅमेऱ्याच्या भिंगावर सनस्क्रीनचा बोटभर थर असतो, आणि मग हिमालय स्वप्नातल्यासारखा दिसतो.

म्हणून पहिलं काम: पाठ वाऱ्याकडे करून उभं राहा, दहा शांत श्वास घ्या आणि झाकण, चालू-बंदचा खटका, मोड डायल, कार्डाची पट्टी, लेन्सचा खटका हे पाच जिन्नस एकामागून एक बोट लावून तपासा. मिनिटभराचं काम आहे.

हे महत्त्वाचं का, याला दुसरंही कारण आहे. रोज डोळे मिटून जो कॅमेरा चालवता त्याची बटणंच आठवेनाशी झाली, साधी गोष्ट तीनतीनदा सांगूनही डोक्यात शिरेना, पाय लटपटू लागले, तर कॅमेरा पिशवीत टाका आणि गाईडला हाक मारा. सपाट जागी पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या चवड्याला लावत सरळ रेषेत चालता येतंय का ते पाहायला सांगा. तोल जात असेल तर हा फोटोग्राफीचा प्रश्न उरलेला नाही. मेंदूला सूज येण्याची ती खूण असू शकते आणि त्यावर पहिला उपाय म्हणजे ताबडतोब, रात्र असली तरी, खाली उतरणं. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना वसंत आणि शरद या दोन्ही मोसमांत चालू असतो. चढताना दुपारी तिथं उंचीच्या आजारावर माहिती देतात, ती चुकवू नका. आपल्याकडचे बरेच गट दिंगबोचेच्या वाटेनं जातात, त्यामुळे फेरिचे बाजूला राहतं. पण दिंगबोचेला विश्रांतीचा दिवस असतोच, तेव्हा टेकाड ओलांडून जाऊन यायला हरकत नाही.

बॅटरीला ऊब द्या, आणि 'रिकामी' म्हणून फेकू नका

दहातल्या सात-आठ तक्रारी इथंच मिटतात.

लिथियम बॅटरीच्या आतला द्राव थंडीत दाट होतो. त्यातून विजेचे कण सरकायला त्रास पडतो, म्हणजेच बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा नुसता चालू असताना फारशी वीज ओढत नाही. पण शटर दाबलं, लेन्सची मोटर फिरली की एकदम मोठा झटका मागतो. गारठलेली बॅटरी तो झटका देऊ शकत नाही, तिचं व्होल्टेज क्षणभर कोसळतं, आणि कॅमेरा समजतो की बॅटरी संपली. साठवलेली वीज मात्र आत तशीच असते. म्हणूनच लॉजवर ऊब मिळाली की ती 'जिवंत' होते.

उपाय सोपा. बॅटरी काढा, कोरड्या मोज्यात किंवा छोट्या पिशवीत गुंडाळा आणि सगळ्यात आतल्या थराखाली, काखेत किंवा छातीशी ठेवा. बाहेरच्या जॅकेटचा खिसा उपयोगाचा नाही, तो बाहेरच्याइतकाच थंड असतो. पंधरा-वीस मिनिटांत बॅटरी पुन्हा कामाला लागते. सुटी बॅटरी नाणी-किल्ल्यांबरोबर ठेवू नका. टोकं जोडली गेली तर खिशातच तापेल.

दोन बॅटऱ्या असतील तर आलटून पालटून चालवायच्या: एक कॅमेऱ्यात, एक अंगाशी. कॅमेऱ्यातली बसली की अदलाबदल. तीन असतील तर उत्तम, पण मग खिसे ठरवून घ्या. उजवीकडे भरलेल्या, डावीकडे एकदा बसलेल्या. डावीकडच्यांना लगेच चार्जिंगला लावायला धावू नका. वर चार्जिंगला पैसे पडतात, तासाच्या किंवा नगाच्या हिशेबानं, आणि जसजसं वर जाल तसतसा दर चढतो. गोरकशेपला निम्मी भरलेली बॅटरी 'रिकामी' समजून चार्जिंगचे पैसे मोजणारे ढिगानं पाहिलेत. संध्याकाळी डायनिंग हॉलमध्ये बॅटरी ऊबदार झाल्यावर एकदा कॅमेऱ्यात घालून टक्का बघा, मग ठरवा. (कॅमेरा अजून गार असेल तर हे घाईनं करू नका, का, ते पुढे दवाबद्दलच्या भागात येतंय.)

आणि एक ठाम नियम: शून्याखाली गेलेली बॅटरी, फोन किंवा पॉवर बँक तशीच चार्जिंगला लावायची नाही. एवढ्या थंडीत लिथियम इलेक्ट्रोडच्या आत मुरण्याऐवजी धातूच्या रूपात त्याच्या पृष्ठभागावर साचतं. क्षमता कायमची घटते, आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका तयार होतो. आधी अंगाच्या उबेत अर्धा तास, मग चार्जर. कित्येक फोन गार असताना चार्जिंग घ्यायलाच नकार देतात. तो बिघाड समजू नका, फोन शहाणपणा करतोय.

रात्री सगळ्या बॅटऱ्या, पॉवर बँक आणि फोन स्लीपिंग बॅगमध्ये, पायाशी. कॅमेरा मात्र बॅगमध्ये घ्यायचा नाही. आपल्या अंगातून रात्रभर दमटपणा बाहेर पडत असतो आणि तो सगळा कॅमेऱ्यावर बसतो. बॅटरी काढलेला कॅमेरा त्याच्या पिशवीत खोलीतच गार राहू द्या. गारठ्यानं त्याला अपाय होत नाही, ओलाव्यानं होतो.

हवेनं तापणाऱ्या हॅंडवॉर्मर पुड्यांबद्दल नेहमी विचारतात. त्यातल्या लोखंडाच्या भुकटीला तापायला प्राणवायू लागतो, आणि वर तोच कमी. त्यामुळे घरी चटका देणारी पुडी तिथं कोमट राहते. बॅटरीच्या पिशवीत कापड मध्ये घालून ठेवा, थोडी मदत होते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

काला पत्थरची वेळ बदलून बघा

हा उपाय पुस्तिकेत सापडणार नाही, आणि फुकट आहे. आपले सगळे गट काला पत्थरला पहाटे चारला निघतात, सूर्योदयासाठी. पण तिथून एव्हरेस्ट पूर्वेला आहे. सूर्य शिखराच्या मागून उगवतो, म्हणजे ज्या ८,८४८.८६ मीटरसाठी एवढी पायपीट केली ते समोर काळी आकृती होऊन उभं राहतं आणि भिंगात सरळ उजेड घुसतो. शिखराच्या पश्चिमेकडच्या अंगावर सोनेरी-केशरी प्रकाश पडतो तो संध्याकाळी, मावळतीला. तेव्हा हवा पहाटेपेक्षा बरीच सुसह्य असते, बॅटरी दिवसभर अंगाशी गरम राहिलेली असते, बोटं बटणं ओळखतात. कॅमेऱ्याच्या निम्म्या तक्रारी या एका बदलात उरत नाहीत.

अट दोनच. दुपारनंतर ढग चढतात, त्यामुळे तीनच्या सुमाराला आभाळ बघून गाईडनं होकार दिला तरच निघायचं. आणि उतरताना अंधार असणार, तर हेडटॉर्च आणि तिच्या जादा बॅटऱ्या हव्यात. एकट्यानं जायचं नाही.

आदल्या संध्याकाळी कॅमेरा कुठं होता?

पहाटे अडकलेलं शटर आणि धुरकट फोटो यांचं मूळ बहुधा आदल्या संध्याकाळच्या डायनिंग हॉलमध्ये असतं. चित्र डोळ्यांसमोर आणा. मधोमध शेगडी, तीत याकच्या शेणाच्या गोवऱ्या. भोवती तीस माणसं, त्यांचे श्वास, लसणाच्या सूपची वाफ, दोरीवर वाळत घातलेले मोजे. आणि बाहेरून उणे आठ अंशांतला कॅमेरा थेट टेबलावर येतो, कारण फोटो दाखवायची घाई. फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटलीवर जसं बाहेरून पाणी धरतं तसं दव मिनिटभरात भिंगावर, बटणांच्या फटींत, बॅटरीच्या खणात आणि लेन्स काढली तर सेन्सरवरही धरतं. वरचं दिसणारं पुसून घेतलं जातं. आतलं राहतं. तासाभरानं तोच कॅमेरा गार खोलीत जातो आणि ते पाणी गोठतं. पहाटे ॲपर्चरची, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी, पाती हलत नाहीत, आणि मग "रात्री तर चालू होता!"

हे टाळायची पद्धत खर्चिक नाही. दाराबाहेर, गारठ्यातच, कार्ड आणि बॅटरी काढून घ्या. कॅमेरा जाड झिपलॉक पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड पक्कं बंद करा आणि मग आत या. आता दव धरलं तरी पिशवीच्या बाहेरून धरेल. कॅमेरा खोलीच्या तापमानाला यायला तास-दोन तास लागतात. मोठ्या टेलिफोटो (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्सला त्याहून जास्त. तोवर पिशवी उघडायची नाही. फोटो बघायची उबळ आली तर कार्ड हाताशी आहेच, ते फोनला लावून बघा. खरं सांगायचं तर कार्ड बाहेर काढायला सांगतो ते या उबळीसाठीच. माणूस पिशवी उघडतो तो फोटो दाखवायला, दुसऱ्या कशाला नाही.

दव धरून चुकलं असेल तर? कॅमेरा चालू करू नका. बॅटरी काढा, बाहेरून मऊ कापडानं टिपा, घासू नका. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत खोलीत ठेवा, रात्रभर. तांदळात पुरून ठेवायचा उपाय विसरा. तांदूळ ओलावा नीट शोषत नाही आणि त्याची पांढरी भुकटी फटींत जाऊन बसते. शेगडीजवळ धरणं तर अजिबात नको. एका बाजूनं तापलेली लेन्स, आतले चिकटवलेले भाग आणि ओलावा आणखी आत ढकलला जाणं, असा तिहेरी तोटा.

उघड्यावर समोरच्या भिंगावर हिम साचलं तर तोंडानं फुंकर मारू नका. फुंकरीतली वाफ तिथल्या तिथं गोठून बर्फाचा पातळ पापुद्रा बनते आणि तो कापडानंही निघत नाही. रबरी ब्लोअर किंवा मऊ ब्रश वापरा. व्ह्यूफाइंडरला डोळा लावताना तोंडावरचा बफ खाली घ्या, नाही तर उच्छ्वास वर जाऊन तिथं गोठतो.

आपल्याकडच्यांची एक खास अडचण इथंच सांगतो. पावसाळाभर हरिश्चंद्रगड, रतनगड करून सह्याद्रीतली ओल खाल्लेला कॅमेरा ऑक्टोबरात तसाच काठमांडूला जातो. लेन्सच्या आत अडकलेली दमट हवा वरच्या थंडीत आतून दव धरते, आणि ते पुसायला हात पोचत नाही. म्हणून निघण्याआधी दोन-तीन दिवस कॅमेरा आणि लेन्स हवाबंद डब्यात ताज्या सिलिका जेलबरोबर ठेवा. लेन्समध्ये टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे, ती घरी निघत नाही.

विजेची गळती

ही तपासणी बसल्या जागी मेनूत होते, फार बोलण्यासारखं नाही. वाय-फाय, ब्लूटूथ, जीपीएस बंद. फोनला विमान मोड, कारण रेंज नसलेल्या ठिकाणी फोन टॉवर शोधण्यातच निम्मी बॅटरी घालवतो. फोटो काढल्यावर तो आपोआप दिसत राहतो ते बंद करा. स्क्रीनचा उजेड कमी. कॅमेरा तीस सेकंदांत झोपेल असं ठेवा. मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर खर्च मुळातच जास्त, कारण पडदा किंवा व्ह्यूफाइंडर यांतलं एक सतत चालू असतं. जुन्या डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरला वीजच लागत नाही. ज्यांच्याकडे जुना डीएसएलआर आहे त्यांनी लाजून नवा घ्यायची गरज नाही, वरच्या थंडीत तो तासन्‌तास टिकतो. वजन मात्र तुमच्या खांद्यावर.

टाइप-सी मधून वीज घेणारा नवा कॅमेरा असेल तर रात्री ताऱ्यांचे फोटो काढताना पॉवर बँक जॅकेटच्या आत आणि वायर बाहेर, असं चालतं. वायर सिलिकॉनची घ्या, साध्या प्लॅस्टिकची थंडीत काठीसारखी कडक होते आणि सॉकेटवर जोर येतो. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते, चेक-इनमध्ये चालत नाही. नेहमीची २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-तास, ही १०० च्या मर्यादेत बसते.

कार्ड आणि बॅकअप

मेमरी कार्डला थंडीचं फारसं काही वाटत नाही; बहुतेक चांगली कार्डं उणे २५ अंशांपर्यंत चालायला बनवलेली असतात. कार्ड बिघडतं ते बॅटरीमुळे. फोटो लिहिला जात असतानाच कॅमेऱ्याची वीज गेली तर कार्डावरची नोंदवही अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी कॅमेरा म्हणतो, 'फॉरमॅट करा'. करू नका. कार्ड काढा, कुलूपपट्टी खाली करा, वेगळ्या डबीत ठेवा आणि दुसरं कार्ड लावा. फोटो बहुतेक वेळा शाबूत असतात. घरी आल्यावर फोटोरेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरनं ते काढता येतात, अट एकच: त्या कार्डावर नंतर काहीही लिहिलं गेलेलं नसावं. म्हणून एका १२८ जीबीच्या कार्डापेक्षा ३२ ची चार बरी.

लॅपटॉपबरोबर फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क नेणारे अजून भेटतात. तिचं वाचणारं टोक हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असतं. हवा विरळ झाली की टोक तबकडीला घासायची भीती, म्हणूनच अशा बहुतेक डिस्कवर चालवण्याची मर्यादा साधारण ३,००० मीटर लिहिलेली असते. नामचेच त्याच्या वर आहे. डिस्क टक्‌टक्‌ करू लागली तर लगेच बंद करून खाली उतरेपर्यंत हात लावू नका. वर न्यायचीच तर एसएसडी न्या.

संपर्काचे सोनेरी ठिपके

इथपर्यंत सगळं करून झालं, बॅटरी ऊबदार आहे, कॅमेरा कोरडा आहे, तरी 'लेन्सशी संपर्क नाही' येतंय. कॅननवर 'एरर ०१' म्हणून दिसतं ते हेच. इतर कंपन्यांचे शब्द वेगळे. लुक्ला, म्हणजे जिथून चालायला सुरुवात होते तिथपासूनच्या वाटेवर याकांच्या आणि खेचरांच्या तांड्यांनी उडवलेली बारीक धूळ आणि आपल्या बोटांचं सनस्क्रीन मिळून संपर्कांवर पापुद्रा बसतो.

हे काम वाऱ्यात करायचं नाही, आणि कॅमेरा गार असताना ऊबदार हॉलमध्येही नाही. खोलीत, कॅमेरा खोलीच्या तापमानाला आल्यावर, दार बंद करून. कॅमेरा बंद, बॅटरी बाहेर. कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवून लेन्स काढा. लेन्सच्या मागचे आणि कॅमेऱ्याच्या रिंगवरचे ठिपके कोरड्या, स्वच्छ, धागे न सोडणाऱ्या कापडानं हलक्या हातानं पुसा. बॅटरीची टोकंही तशीच. थुंकी, परफ्यूम, सॅनिटायझर, खोडरबर काहीही नको. खोडरबराचा चुरा आत गेला तर नवं दुखणं. लेन्स परत लावताना 'टक्' ऐकू आलं पाहिजे. दुसरी लेन्स असेल तर तीही लावून बघा: तिच्यावर कॅमेरा चालला तर दोष पहिल्या लेन्समध्ये, नाही चालला तर कॅमेऱ्यात. सर्व्हिस सेंटरवाला पहिला हाच प्रश्न विचारतो.

फोकसची किंवा झूमची रिंग घट्ट असेल तर जोर लावू नका. आतलं वंगण गारठ्यानं घट्ट झालंय, खाली फेरिचेला आल्यावर आपोआप सैल होईल.

बॅटरीच म्हातारी असेल तर

ही तपासणी खरं तर घरीच करायची. जुनी झालेली बॅटरी पुण्याच्या हवेत ठीक चालते, पण तिचा अंतर्गत रोध आधीच वाढलेला असतो. थंडीची भर पडली की पहिली तीच बसते. अनेक कॅमेऱ्यांच्या मेनूत बॅटरीची तब्येत दाखवणारं पान असतं, ते बघा. शिवाय पूर्ण भरलेली बॅटरी झिपलॉकमध्ये घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे. सकाळी काढून कोरडी पुसा, कॅमेऱ्यात घाला आणि सलग फोटो काढा. चार-पाच अंशांतच मान टाकणारी बॅटरी उणे पंधरात काय दिवे लावणार? तिला घरी ठेवा. स्वस्तातली नक्कल बॅटरी घेतली असेल तर तिला ही परीक्षा दोनदा द्यायला लावा.

नव्या बॅटरीचे पैसे जिवावर येतात हे मान्य. पण हा ट्रेक काही दर वर्षी होत नाही, आणि एका जादा अस्सल बॅटरीचा खर्च ट्रेकच्या एकूण खर्चापुढे किरकोळ आहे.

इथं थांबा

स्क्रू काढायचा नाही. कुणाच्याही, कसल्याही सल्ल्यावरून नाही. अंगचा फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात बॅटरी काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट साठलेले असू शकतात. गोरकशेपच्या खोलीत स्विस चाकूनं कॅमेरा उघडणाऱ्याला तो झटका बसला तर जवळ डॉक्टर नसतो.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर घरगुती उपाय बंद करून जाणकाराकडे न्या:

बॅटरी फुगलेली असणं. ती वापरायची नाही, चार्ज करायची नाही, दाबून खणात बसवायची नाही, विमानातही न्यायची नाही. कॅमेऱ्यातून निघत नसेल तर ओढू नका. लॉजवाल्यांना सांगा आणि गाईडच्या मदतीनं ती सुरक्षित जागी सोपवा.

लेन्सच्या आतलं दव एक-दोन दिवस सिलिका जेलमध्ये ठेवूनही न हटणं, किंवा हटल्यावर मागे डाग राहणं. कॅमेरा ओढ्यात पडलेला असणं, चालू होत असला तरीही. गंज आठवड्यांनी बोलतो. ऊबदार, कोरड्या, दुसऱ्या बॅटरीवरही शटरचा एरर परत परत येणं. शटरची पाती वाकलेली दिसणं. त्यांना बोट, ब्रश, ब्लोअर काहीच लावू नका, ती कागदाहून पातळ असतात. सेन्सरवर दव वाळून डाग उरणं. आणि ज्या कार्डावरचे फोटो कोणत्याही परिस्थितीत हवेतच, त्यावर घरी प्रयोग न करता ते थेट डेटा परत मिळवणाऱ्यांकडे देणं.

काठमांडूत न्यू रोडला कॅमेऱ्याची दुकानं आहेत, बॅटरी किंवा चार्जर तिथं मिळून जातो. पण कॅमेरा उघडायचं काम, वॉरंटी शिल्लक असेल तर, घरी येऊन अधिकृत केंद्रातच करून घ्या. देताना तोंडी "थंडीत बंद पडला" एवढंच सांगू नका. एका कागदावर लिहून द्या: एररचा नेमका मजकूर किंवा त्याचा फोनवर काढलेला फोटो, तेव्हाची उंची आणि अंदाजे तापमान, दव धरलं होतं का, कुठली लेन्स आणि कुठली बॅटरी लावली होती, दुसऱ्या लेन्सवर काय झालं. आणि पाणी गेलं असेल तर ते लपवू नका. आत ओलावा पोचला की रंग बदलणारे छोटे स्टिकर अनेक कॅमेऱ्यांत असतात. उघडल्यावर तंत्रज्ञाला ते कळतंच, फक्त तोवर चुकीच्या जागी शोधण्यात त्याचे दोन-चार दिवस आणि तुमचे पैसे गेलेले असतात.